भोपळ्याचं खोड आणि एक ब्लेड: आधार देणाऱ्या ऊती ओळखायच्या कशा

दर वर्षी जर्नल तपासताना तीच आकृती समोर येते. सालीखाली षटकोनी पेशींच्या दोन ओळी, त्यांना नाव 'स्थूलकोन ऊती'. आत लाल पेन्सिलीने गिरवलेलं कडं, त्याला नाव 'दृढ ऊती'. मग स्लाइड लावून बघावं, तर त्यातलं काहीच तिथे नसतं. सेक्शन, म्हणजे खोडाचा काप, जाड, तिरका आणि सगळीकडून लालभडक. आकृती पुस्तकातून उतरलेली असते आणि नावं अंदाजाने दिलेली असतात: सालीखाली आहे म्हणजे स्थूलकोन, लाल आहे म्हणजे दृढ. हे दोन्ही अंदाज फसवे आहेत. परीक्षेत मक्याचं खोड हातात पडलं की ते हमखास उघडे पडतात.

ओळख पटते ती पेशीच्या भिंतीवरून. भिंत कुठे जाड आहे, किती जाड आहे, कशाची आहे आणि आत काही जिवंत आहे का, एवढे चार प्रश्न विचारायचे. खालच्या सगळ्या पायऱ्या या चार प्रश्नांची खरी उत्तरं मिळावीत म्हणून आहेत.

सुरू करण्याआधी: काय शोधतोय?

मूल ऊती, म्हणजे पॅरेन्कायमा: भिंत पातळ आणि सगळीकडे सारखी, पेशी जिवंत, मध्ये मोकळ्या जागा. ही भराव घालणारी ऊती. पाणी भरलेलं असेपर्यंत ताठ राहते, पाणी गेलं की मान टाकते.

स्थूलकोन ऊती, म्हणजे कोलेन्कायमा: पेशी जिवंत, भिंत सेल्युलोज आणि पेक्टिनची, जाडी मात्र असमान. धोतऱ्याच्या खोडात ती कोपऱ्याकोपऱ्यांत साठलेली दिसते. काही झाडांत ती आडव्या पट्ट्यांसारखी असते, तर काहींत पेशींमधल्या पोकळ्यांभोवती. लिग्निन, म्हणजे भिंतीला लाकडासारखी कडक करणारं द्रव्य, नसतं, म्हणून ही ऊती ताणली जाते आणि वाढत्या खोडाला वाढू देत आधार देते.

दृढ ऊती, म्हणजे स्क्लेरेन्कायमा: भिंत सर्व बाजूंनी जाड, लिग्निनने कडक झालेली, पूर्ण वाढलेली पेशी बहुधा मृत, आत उरते ती बारीक पोकळी. लांब आणि दोन्ही टोकांना निमुळती असेल तर तंतुपेशी. आखूड, गोटीसारखी किंवा वेडीवाकडी असेल तर स्क्लेरिड. पेरू खाताना दाताखाली जी कचकच लागते ती या स्क्लेरिडांचीच. त्यांना आपण स्टोन सेल म्हणतो.

पायरी १: नमुना निवडा

लाल भोपळ्याच्या वेलाचं खोड घ्या. एकाच सेक्शनमध्ये स्थूलकोन आणि दृढ या दोन्ही ऊती मिळतात, आणि मध्ये हिरव्या पेशींचा पट्टा असल्यामुळे त्या एकमेकींत मिसळत नाहीत. सूर्यफूलही चालतं, पण नवशिक्याला भोपळा सोपा.

सगळं बिघडतं ते वयात. वेलाचा शेंडा कापायला मऊ म्हणून मुलं तोच आणतात. शेंड्यात स्थूलकोन ऊती तयार व्हायला लागलेली असते, पण आतल्या तंतुपेशींच्या भिंती अजून पातळ असतात. लाल कडं दिसत नाही आणि मग ते 'कल्पनेने' काढलं जातं. शेंड्यापासून चौथं-पाचवं पेर घ्या. बुंध्याजवळचं जून खोड नको. तिथे कडं तुटक झालेलं असतं.

पेराच्या मधला भाग घ्या, सांध्याजवळचा नाही. सांध्यात वाहिन्या पानाकडे वळतात, त्यामुळे सेक्शन कितीही सरळ कापला तरी त्या आडव्यातिडव्या दिसतात.

वेल सकाळी तोडला असेल तर पाण्यात उभा करून ठेवा. कोमेजलेलं खोड ब्लेडखाली चेपतं. दुसऱ्या दिवशी लागणार असेल तर तुकडे ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवता येतात, हरितद्रव्य जाऊन सेक्शन स्वच्छही दिसतो. पण स्थूलकोन पेशींच्या भिंतींत भरपूर पाणी असतं, अल्कोहोलमध्ये त्या आक्रसतात. त्यामुळे या प्रॅक्टिकलसाठी ताजा नमुनाच बरा.

*तपासा:* खोडावर पाच कंगोरे बोटाला लागतात का? आडवं कापल्यावर मधोमध पोकळी दिसते का? दोन्ही असतील तर पुढे जा.

पायरी २: टेबल मांडा

नवं ब्लेड, पाण्याने भरलेले दोन-तीन वॉचग्लास, बारीक ब्रश, स्लाइड, कव्हरस्लिप, ड्रॉपर, टिपकागद, ग्लिसरीन, स्टेन. सगळं आधी मांडून मगच कापायला घ्या. सेक्शन कापून झाल्यावर सॅफ्रानिनची, म्हणजे लाल स्टेनची, बाटली शोधत फिरणाऱ्याचे सेक्शन वाळून कडेला चिकटलेले मी रोज बघतो.

दाढीच्या नव्या ब्लेडवर तेलाचा पातळ थर असतो, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. दुधारी ब्लेड कागदाच्या वेष्टनात असतानाच मधून मोडा आणि अर्धं वापरा, म्हणजे दुसरी धार बोटात घुसणार नाही.

पायरी ३: सेक्शन कापा

सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

भोपळ्याचं खोड पोकळ आणि मऊ असतं. अख्खं गोल सेक्शन कापायचा हट्ट धरला तर ते चेपतं आणि मिळते ती फाटकी अंगठी. त्यापेक्षा दोन सेंटिमीटरचा तुकडा उभा चिरून त्याची एक फोड घ्या. फोडीत किमान एक पूर्ण कंगोरा आणि शेजारची एक खाच यायला हवी. फक्त खाच आली तर स्थूलकोन ऊती जेमतेम दिसेल. तिचे जाड थर कंगोऱ्यात असतात.

फोड धरायला आधार लागतो. गाजराचा तुकडा मधून चिरून त्यात ती उभी बसवा. बटाटाही वापरतात. मीही वापरायचो, आणि एकदा वर्गासमोर मोठ्या आत्मविश्वासाने 'हे बघा पिष्टकण' म्हणून दाखवले ते खोडाचे नव्हते, बटाट्याचे होते. आयोडीनने ते झकास निळेही झाले! तेव्हापासून बटाटा बंद. थर्माकोलचा तुकडाही चालतो, पण त्याचे कण ब्रशने वेगळे करत बसावं लागतं.

आता हात. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यात आधारासकट नमुना उभा धरा. अंगठा तर्जनीपेक्षा थोडा खाली ठेवा, ब्लेड सटकलं तर ते अंगठ्यावरून जायला हवं, अंगठ्यात नाही. नमुना आणि ब्लेड दोन्ही पाण्याने ओले करा. ब्लेडची धार स्वतःकडे, ब्लेड आडवं आणि सपाट. धारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, किंचित तिरकस, एकाच ओढीत आपल्याकडे ओढा. करवतीसारखं मागेपुढे करू नका. तसं केलं की सेक्शनवर पायऱ्या पडतात. ढकलूही नका, त्याने पेशी दबतात.

पहिले दोन-तीन काप फक्त वरचा पृष्ठभाग सपाट करण्यासाठी, ते टाकून द्या. मग न थांबता तीस-चाळीस सेक्शन कापा, ब्लेडवर साचले की ब्रशने पाण्यात सोडा. प्रत्येक सेक्शन उत्तम यावा म्हणून धडपडणाऱ्याला एकही उत्तम मिळत नाही. भराभर कापणाऱ्याला चाळिसात तीन मिळतात, आणि तेवढे पुरतात.

पूर्ण फोड आलीच पाहिजे असंही नाही. पाचरीसारखा, एका कडेला पातळ होत गेलेला तुकडा बऱ्याचदा सर्वांत चांगला निघतो, कारण त्या पातळ कडेला एकाच पेशीचा थर असतो.

*तपासा:* वॉचग्लास काळ्या कागदावर ठेवा. जो सेक्शन पांढरा दिसतो तो जाड. जो जवळजवळ दिसतच नाही आणि ब्रश हलवल्यावर पाण्यात लहरतो, तो उचला.

*सावधान:* तिरका सेक्शन सर्वांत जास्त फसवतो. त्यात पेशी एका बाजूला ओढल्यासारख्या लांबट दिसतात आणि भिंत खरी असते त्याहून जाड भासते. सगळ्या पेशी एकाच दिशेला लंबगोल दिसल्या तर ऊतीला दोष देऊ नका, नमुना पुन्हा सरळ धरा.

पायरी ४: आधी न रंगवता बघा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त शिकवते तीच. पातळ सेक्शन पाण्याच्या थेंबात ठेवा, कव्हरस्लिप एका कडेने तिरपी टेकवत अलगद सोडा, आणि १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली, म्हणजे १० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली, बघा. कंडेन्सरखालचा डायफ्रॅम थोडा बंद करा. पूर्ण उघडा ठेवला तर रंग नसलेल्या भिंती प्रकाशात धुऊन निघतात.

कंगोऱ्यात, अपित्वचेच्या (सर्वांत बाहेरच्या थराच्या) आत, मोत्यासारख्या चकाकणाऱ्या जाळीचा भाग दिसेल. ती स्थूलकोन ऊती. पाण्याने भरलेल्या त्या पेक्टिनच्या भिंती प्रकाश असा फेकतात की रंगाची गरजच पडत नाही. त्याच्या आत हिरवे कण असलेल्या पेशी, आणि त्यांच्याही आत थोडं पिवळसर, मंद कडं. ते दृढ ऊतीचं.

आता ४० च्या ऑब्जेक्टिव्हवर जाऊन एक चाचणी करा. जाड वाटणाऱ्या कोपऱ्यावर फोकस करून फाइन नॉब अगदी हळू पुढेमागे फिरवा. खरी जाडी जागेवर राहते, फक्त धूसर-स्पष्ट होते. खालच्या पेशीची भिंत वरच्या भिंतीमागून डोकावत असेल तर ती रेघ सरकते. सरकली, तर तुम्ही जाड सेक्शनमधली साधी मूल ऊती बघताय. 'भोपळ्याच्या कॉर्टेक्सभर (म्हणजे अपित्वचेच्या आतल्या भागभर) कोलेन्कायमा' असं लिहिणाऱ्या निम्म्या जर्नलांचा उगम या सरकत्या रेघेत आहे.

पायरी ५: रंग द्या

तीन पर्याय सांगतो. कोणता कशासाठी ते कळलं तर रंग उगाच वाया जात नाही.

*सॅफ्रानिन.* १ टक्क्याच्या द्रावणात दोन-तीन मिनिटं, मग पाणी बदलत धुवा. लिग्निन असलेल्या भिंती लाल राहायला हव्यात, बाकीच्या फिकट व्हायला हव्यात. बहुतेकांचं धुणं कमी पडतं. सेक्शन सगळा लाल असेल तर तो रंगलेला नाही, नुसता बुडवलेला आहे. पाण्यात आम्लाचा एखादा थेंब टाकून क्षणभर हलवलं की जादा रंग निघतो. लगेच साध्या पाण्यात घ्या. आणि लक्षात ठेवा, सॅफ्रानिन क्युटिकल, म्हणजे अपित्वचेवरचा मेणचट थर, आणि केंद्रकही लाल करतं. नुसता लाल रंग हा लिग्निनचा पुरावा नाही.

*टोल्युइडिन ब्लू.* ०.०५ टक्के, जेमतेम एक मिनिट, मग धुवा. एकाच रंगात दोन उत्तरं मिळतात: लिग्निनच्या भिंती निळ्या-हिरव्या, पेक्टिनच्या भिंती जांभळट-गुलाबी. भोपळ्याच्या सेक्शनला हा लावलात तर कंगोऱ्यातली जांभळी जाळी आणि आतलं निळंहिरवं कडं एकाच नजरेत वेगळं होतं. तुमच्या लॅबमध्ये हा असेल तर सॅफ्रानिनच्या आधी हाच काढा.

*फ्लोरोग्लुसिनॉल.* लिग्निनची खात्री हवी असेल तर हा. अल्कोहोलमधल्या द्रावणाच्या थेंबात सेक्शन दोन मिनिटं ठेवा, मग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. लिग्निनच्या भिंती चेरीसारख्या लाल होतात, स्थूलकोन तशीच रंगहीन राहते. हा रंग टिकत नाही, त्यामुळे लगेच बघा आणि लगेच रेखाटा.

*सावधान:* हे आम्ल हातमोजे घालून, शिक्षकांसमोर, खिडकीजवळ वापरा. कव्हरस्लिपबाहेर आलेलं आम्ल टिपल्याशिवाय स्लाइड मायक्रोस्कोपवर चढवू नका आणि १० च्या पुढे जाऊ नका. आम्लाच्या वाफेने ऑब्जेक्टिव्हची भिंग खराब होतात, आणि लॅबमध्ये नवी भिंग सहजासहजी येत नाहीत.

पायरी ६: बाहेरून आत वाचा

आता ओळखायचं. एक क्रम ठरवा आणि तो मोडू नका: बाहेरून आत. मध्ये उडी मारली की लाल दिसणाऱ्या मोठ्या वाहिन्यांकडे डोळा जातो आणि बाकी सगळं राहून जातं.

१. अपित्वचा. एक थर, बाहेर क्युटिकल, त्यावर अनेक पेशींचे केस.

२. कंगोऱ्यात स्थूलकोन ऊतीचे अनेक थर. खाचेत ते कमी होतात आणि हिरव्या पेशी सालीच्या जवळ येतात. हा फरक आकृतीत दिसलाच पाहिजे. सगळीकडे सारखा पट्टा काढला की तपासणाऱ्याला लगेच कळतं, स्लाइड बघितलेली नाही.

३. कॉर्टेक्सच्या हरित पेशी, पातळ भिंतीच्या.

४. नागमोडी जाणारं दृढ ऊतीचं कडं. काही थरच जाड, पेशी कोनदार, भिंत सगळीकडून जाड, पोकळी लहान.

५. कड्याच्या आत मूल ऊती, आणि तिच्यात वाहिनी पूल, म्हणजे जलवाहिनी-रसवाहिनीचे जुडगे. अख्ख्या खोडात साधारण दहा, पाच-पाचच्या दोन रांगांत: बाहेरचे लहान पूल कंगोऱ्यांसमोर, आतले मोठे खाचांसमोर. प्रत्येक पुलात जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना रसवाहिनी. इथल्या भल्यामोठ्या गोल वाहिन्यांच्या भिंतीही लाल होतात, कारण त्यांतही लिग्निन आहे. म्हणून 'लाल म्हणजे दृढ ऊती' हा निकष इथेच कोसळतो. वाहिनीची पोकळी प्रचंड, तंतूची बारीक, रंग तोच.

*तपासा:* प्रत्येक नावापुढे वहीत भिंतीबद्दल एक शब्द लिहा: पातळ, कोपऱ्यात जाड, सर्वत्र जाड. जिथे शब्द सुचत नाही तिथलं नाव तुम्ही पुस्तकातून घेतलंय.

पायरी ७: जिवंत की मृत, हे उभ्या सेक्शनमध्ये बघा

स्थूलकोन पेशी जिवंत असतात हे सगळ्यांना पाठ असतं, दाखवता फार थोड्यांना येतं. मिठाच्या ५ टक्के पाण्यात सेक्शन ठेवला की जिवंत पेशीतला ऐवज भिंतीपासून सुटून आत आक्रसतो. मुलं हे आडव्या सेक्शनवर करतात आणि 'काहीच झालं नाही, म्हणजे मृत' असं लिहून मोकळी होतात. या पेशी लांबट असतात. पातळ आडव्या कापात त्यांची दोन्ही टोकं उडालेली असतात, आक्रसायला आत काही उरतच नाही. कंगोऱ्यातून उभा सेक्शन घ्या, आणि तो या वेळी मुद्दाम किंचित जाड ठेवा, म्हणजे काही पेशी अखंड राहतील.

उभ्या सेक्शनचा दुसरा फायदा: आडव्या कापात जी पेशी फक्त जाड भिंतीची कोनदार दिसली, ती लांब तंतू आहे की आखूड स्क्लेरिड, हे इथेच ठरतं. नुसत्या आडव्या कापावरून (टी.एस.) 'तंतुपेशी' लिहिणं म्हणजे उसाची चकती बघून उसाची उंची सांगणं.

पायरी ८: सुट्या पेशी

स्टोन सेलसाठी सेक्शन लागत नाही. पेरूच्या सालीलगतच्या गराचा कण सुईच्या टोकावर घ्या, स्लाइडवर पसरा, सॅफ्रानिनचा थेंब, धुवा, कव्हरस्लिप, वरून हलका दाब. झुपक्यात बसलेल्या, अतिजाड भिंतीच्या पेशी दिसतील. भिंतीत थर, आणि पोकळीपासून बाहेर जाणाऱ्या बारीक नळ्यांसारखे पिट, काही फाटे फुटलेले. या पिटांशिवाय काढलेली स्टोन सेल म्हणजे नुसता लाल ठिपका.

तंतूंसाठी भेंडीचं जून खोड घ्या. पानं काढून तुकडे पाण्यात बुडवून ठेवा, मधूनमधून पाणी बदला. साधारण दहा दिवसांत साल सैल होते आणि धागे सुटतात. वास येणारच, बादली व्हरांड्यात ठेवा. आता खरी चूक: हातात आलेला धागा ही एक पेशी नव्हे. तो अनेक तंतुपेशींचा जुडगा असतो. नारळाच्या काथ्याचंही तेच. काथ्या वीतभर लांब, पण त्यातली एक पेशी जेमतेम मिलिमीटरभर. रॅमी या झाडाची एकच तंतुपेशी ५५ सेंटिमीटरपर्यंत जाते, पण तो अपवाद आहे, त्यावरून भेंडीची लांबी लिहू नका.

एकेक पेशी सुटी करायची तर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड समान भाग घेऊन त्यात काडेपेटीच्या काडीएवढे तुकडे ६० अंश सेल्सिअसला एक-दोन दिवस ठेवतात. झाकण घट्ट लावू नका, आत वायू साचतो. तुकडे पांढरे, मऊ झाले की तीन-चार वेळा धुवा आणि सुईने विंचरा.

*सावधान:* या द्रावणात लिग्निनच निघून जातं. त्यानंतर फ्लोरोग्लुसिनॉल लावून 'लाल झालं नाही, म्हणजे लिग्निन नव्हतं' असा निष्कर्ष काढू नका. लिग्निनची चाचणी आधी, पेशी सुट्या करणं नंतर.

पायरी ९: मक्यावर स्वतःला तपासा

भोपळा जमला की मक्याचं खोड कापा. सालीखाली जाड भिंतीच्या पेशींचे दोन-तीन थर दिसतील. हात आपोआप 'स्थूलकोन' लिहायला जाईल. थांबा, भिंत बघा: सगळीकडून जाड, टोल्युइडिन ब्लूने निळीहिरवी. म्हणजे दृढ ऊती. मक्याच्या खोडात स्थूलकोन ऊती नसते. विखुरलेल्या प्रत्येक वाहिनी पुलाभोवतीचं आवरणही दृढ ऊतीचंच. इथे जागेवरून नाव देणारे सगळे चुकतात, भिंतीवरून देणारा चुकत नाही.

पायरी १०: आकृती काढा

डोळा मायक्रोस्कोपवर, पेन्सिल कागदावर. आधी फोडीची बाह्यरेषा आणि ऊतींचे पट्टे, पेशी न काढता. मग कंगोऱ्यापासून पोकळीपर्यंत एक अरुंद पट्टी निवडून तेवढ्याच पेशी काढा. स्थूलकोन पेशींना दुहेरी रेघ ओढू नका. कोपऱ्यात जाडी भरा आणि बाजू बारीक ठेवा. दृढ पेशींना सर्व बाजूंनी जाडी द्या. सेक्शन जिथे फाटलाय तिथे फाटलेलाच दाखवा.

स्लाइड तासभर ठेवायची असेल तर पाण्याऐवजी ग्लिसरीनमध्ये बसवा. वापरलेली ब्लेडं कचऱ्याच्या टोपलीत टाकू नका. जुन्या औषधाच्या डब्याला वर चीर पाडून तो टेबलावर ठेवा आणि त्यात टाका. लॅब झाडणाऱ्या मावशींच्या बोटाला गेलेली एक चीर मी पाहिली आहे, तेव्हापासून आमच्या प्रत्येक टेबलावर असा डबा असतो.